तबकडीवरचे त्रिकोण

शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत एक प्रश्न हमखास भेटतो. एक आकृती, तिच्यात आडव्यातिडव्या रेषा आणि खाली एकच ओळ: आकृतीत एकूण त्रिकोण किती? चौथी-सातवीची पोरं या प्रश्नाशी झुंजत आली, मधली काही वर्षं पाचवी-आठवीची झुंजली. पोलीस भरतीला किंवा बँकेच्या परीक्षेला बसलेली त्यांची मोठी भावंडंही त्यातून सुटलेली नाहीत. चार पर्यायांतले दोन तरी असे निवडलेले असतात, की घाईनं मोजणाऱ्यानं नेमकं त्यांच्यावरच जाऊन पडावं.

या जातीचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे पंचकोनातली चांदणी. सुसम पंचकोन काढायचा आणि त्याचे पाचही कर्ण जोडायचे. आत अकरा तुकडे पडतात: मध्यभागी एक छोटा उलटा पंचकोन आणि त्याच्याभोवती दहा त्रिकोण. शिकवणीतले सर पद्धत सांगतात, की आधी एकेका तुकड्याचे त्रिकोण मोजा, मग दोन तुकडे मिळून होणारे, मग तीन मिळून होणारे. तसं मोजलं की १०, १० आणि १० येतात. चार तुकड्यांचा एकही होत नाही, तिथे पुष्कळजण पेन खाली ठेवतात. पण पाच-पाच तुकड्यांचे आणखी ५ असतात. एकूण ३५.

हेच ३५ वेगळ्या वाटेनंही निघतात. आकृतीतली प्रत्येक रेषा, ती बाजू असो की कर्ण, पंचकोनाचे दोन शिरोबिंदू जोडते. म्हणजे प्रत्येक त्रिकोणाच्या तीन रेषा मिळून किती शिरोबिंदू वापरतात ते पाहता येतं. तीनच वापरणारे १०, चार वापरणारे २०, पाचही वापरणारे ५. तुकडे मोजण्याची रीत त्या एका चित्रापुरती आहे. ही दुसरी रीत कुठल्याही बहुभुजाला चालते. कोणतेही तीन शिरोबिंदू घेतले की एक त्रिकोण मिळतो, चार घेतले की नवे चार, पाच घेतले की नवे पाच आणि सहा घेतले की आणखी एक.

षटकोनाला हा हिशेब लावला की २० अधिक ६० अधिक ३० अधिक १, म्हणजे १११ येतात. सुसम षटकोन काढून खरोखर मोजायला बसलं तर ११०च भरतात. एक त्रिकोण गेला कुठे?

तो मध्यबिंदूत गेला. ओबडधोबड षटकोनात समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारे तीन लांब कर्ण सहसा एकमेकांना तीन वेगवेगळ्या ठिकाणी छेदतात आणि मधोमध एक इवलासा त्रिकोण उरतो. षटकोन जसजसा सुसम होत जातो तसतसा तो आक्रसतो. आकृती पूर्ण नेटकी झाली की तिन्ही कर्ण एकाच बिंदूतून जातात आणि त्रिकोणाचा ठिपका होतो. अष्टकोनात हिशेबानं ६४४ यायला हवेत, भरतात ६३२. सप्तकोनात मात्र हिशेब अचूक जुळतो, बरोबर २८७. बाजूंची संख्या विषम असली, की सुसम बहुभुजाचे तीन कर्ण आत कुठेही एका बिंदूत भेटत नाहीत. त्यामुळे तिथे कुणी हरवत नाही.

सम बाजूंच्या बहुभुजात कर्ण कुठे आणि किती एकत्र येतात हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच चिवट निघाला. डच गणिती गेरिट बोल यांनी १९३६ मध्ये त्यावर काम केलं आणि १९९८ मध्ये ब्यॉर्न पूनन आणि मायकेल रुबिनस्टाईन यांनी छेदनबिंदूंच्या संख्येचं संपूर्ण सूत्र प्रसिद्ध केलं. तीस बाजूंच्या सुसम बहुभुजाचे सगळे कर्ण काढले तर आत १६,८०१ छेदनबिंदू पडतात. त्यांतल्या १३,८०० ठिकाणी दोनच कर्ण भेटतात, २,२५० ठिकाणी तीन, आणि अशी गर्दी वाढत जाऊन ३० ठिकाणी सात-सात कर्ण एकत्र येतात. मध्यबिंदूत पंधरा. मध्यबिंदू सोडला, तर सातांहून जास्त कर्ण एका बिंदूत कधीच येत नाहीत, मग बहुभुज केवढाही असो.

एवढ्या गर्दीतून बाहेर यायचं तर आतल्या रेषा पुसून टाकाव्यात आणि फक्त शिरोबिंदू ठेवावेत. आता प्रश्न सरळ होतो: या बिंदूंतले तीन निवडून किती त्रिकोण होतात? सुसम बहुभुजाचे सगळे शिरोबिंदू एका वर्तुळावर असतात आणि वर्तुळावरचे कोणतेही तीन बिंदू एका रेषेत येत नाहीत. म्हणून तिघांची प्रत्येक निवड हा एक त्रिकोण. षटकोनात २०, अष्टकोनात ५६.

हे दोन्ही आकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहेत, पण त्रिकोणांचे म्हणून नाहीत. ११५० सालच्या या ग्रंथात एक राजवाडा आहे, त्याला आठ झरोके आहेत. एक, दोन, तीन असे ते उघडे ठेवण्याचे प्रकार किती, असा प्रश्न आहे. तीन उघडे ठेवण्याचे प्रकार ५६, आणि एकापासून आठपर्यंत सगळे मिळून २५५. त्याच दमात सहा रसांचा प्रश्न येतो. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट आणि कडू यांच्या मिश्रणांनी एका पदार्थाच्या किती चवी होतील? तीन-तीन रसांच्या २० आणि एकूण ६३. हा ६३चा आकडा वैद्यांना त्याआधी कितीतरी शतकं ठाऊक होता, सुश्रुतसंहितेत तो भेद मोजूनच दिलेला आहे. भास्कराचार्यांची रीत आजही तोंडी करता येते: आठाला एकानं भागा, साताला दोनानं, सहाला तीनानं, आणि तिन्हींचा गुणाकार करा. छंद, वास्तू आणि वैद्यक अशी तिन्ही ठिकाणं त्यांनी या रीतीच्या उपयोगासाठी सांगितली आहेत.

बहुभुजही ‘लीलावती’त आहेत, पण वेगळ्या प्रकरणात. १,२०,००० व्यासाच्या वर्तुळात त्रिकोणापासून नवकोनापर्यंत सुसम आकृत्या बसवल्या तर प्रत्येकीची बाजू किती, ते तिथे दिलं आहे. त्रिकोणाची १,०३,९२३, चौकोनाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४, षटकोनाची नेमकी ६०,०००, अष्टकोनाची ४५,९२२. आजच्या कॅल्क्युलेटरवर हे आकडे तंतोतंत उतरतात. फक्त दोन थोडे चुकतात. सप्तकोनाची बाजू ५२,०५५ दिली आहे, ती ५२,०६६ हवी. नवकोनाची ४१,०३१ आहे, ती ४१,०४२ हवी. आणि नेमक्या याच दोन आकृत्या कंपास आणि पट्टीनं अचूक काढता येत नाहीत. ते कोडं उलगडायला गाउसनं १७९६ मध्ये सतरा बाजूंच्या बहुभुजापासून सुरुवात केली आणि १८३७ मध्ये वान्त्सेलनं अशक्यतेची सिद्धता पुरी केली. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याची नोंद करणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे आणि तो जगापुढे आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

आकडा हाती आला तरी त्रिकोणांची ओळख झालेली नसते. त्यासाठी बाराचा बहुभुज सगळ्यात सोयीचा, कारण तो घरोघरी भिंतीवर टांगलेला आहे. घड्याळाच्या तबकडीवरचे तीन आकडे जोडून २२० त्रिकोण होतात. त्यांची जात ओळखायला कोनमापक लागत नाही. तीन बिंदूंमुळे परिघाचे तीन भाग पडतात आणि तिन्ही भागांतली घरं मिळून बारा भरतात. एक भाग बरोबर सहा घरांचा असला, तर त्रिकोणाची एक बाजू व्यास होते आणि थेल्सच्या नावानं शिकवल्या जाणाऱ्या प्रमेयानुसार समोरचा कोन काटकोन होतो. एक भाग सहाहून मोठा असला तर विशालकोन. तिन्ही भाग सहाहून लहान असले तर लघुकोन, आणि अशाच त्रिकोणाच्या पोटात वर्तुळाचा मध्यबिंदू येतो. या मापानं तबकडीवर ६० काटकोन त्रिकोण निघतात, १२० विशालकोन आणि अवघे ४० लघुकोन.

पाठ्यपुस्तकातलं त्रिकोणाचं चित्र जवळजवळ नेहमी लघुकोन असतं. तबकडी मात्र दुसऱ्याच बाजूला झुकते. मिनिटांचे साठही ठिपके घेतले तर ३४,२२० त्रिकोणांपैकी २४,३६० विशालकोन, ८,१२० लघुकोन आणि फक्त १,७४० काटकोन निघतात. ठिपके वाढवत नेले की काटकोन त्रिकोणांचा वाटा नाहीसा होत जातो आणि लघुकोनांचा एक-चतुर्थांशाला जाऊन टेकतो. म्हणजे वर्तुळावर डोळे मिटून टेकवलेल्या तीन बिंदूंचा त्रिकोण चारांत तीनदा विशालकोनच निघणार.

विषम बाजूंच्या बहुभुजांत समोरासमोरची जोडीच नसते, म्हणून काटकोनाचा प्रश्न उद्भवत नाही. तिथले लघुकोन त्रिकोण ओळीनं लिहून पाहावेत. पंचकोनात ५, सप्तकोनात १४, नवकोनात ३०, अकरा बाजूंत ५५. पाच म्हणजे एकाचा आणि दोनाचा वर्ग मिळून, त्यात तिनाचा वर्ग मिळवला की चौदा, चाराचा मिळवला की तीस, पाचाचा मिळवला की पंचावन्न. ओळीनं येणाऱ्या वर्गांच्या बेरजेचं सूत्र आर्यभटानं ४९९ साली गणितपादात दिलं, तेच सूत्र इथे मध्यबिंदू पोटात घेणारे त्रिकोण मोजून देतं.

विशालकोनाच्या याच प्रश्नानं एका मोठ्या माणसाची झोप व्यापली होती. ‘ॲलिस’चा लेखक ल्युईस कॅरोल हा ऑक्सफर्डमधला गणिताचा अध्यापक. रात्री अंथरुणात कागदपेन्सिलीविना सोडवलेले ७२ प्रश्न त्यानं १८९३ मध्ये ‘पिलो प्रॉब्लेम्स’ या नावानं छापले. अठ्ठावन्नावा प्रश्न असा: अमर्याद प्रतलावर कुठेही तीन बिंदू घेतले तर त्रिकोण विशालकोन असण्याची शक्यता किती? कॅरोलनं त्रिकोणाची सगळ्यात मोठी बाजू पक्की धरून हिशेब केला आणि उत्तर सुमारे ०.६४ आलं. मोठीऐवजी मधली बाजू पक्की धरून तसाच हिशेब केला, तर उत्तर ०.८२ येतं. गुणाकारात कुठेही चूक नाही. अमर्याद प्रतलावर ‘कुठेही’ म्हणजे काय, हेच आधी ठरलेलं नाही आणि धरलेली बाजू ते गुपचूप ठरवून टाकते. वर्तुळावर हा घोळ होत नाही, तिथे तीन-चतुर्थांश हे उत्तर ठाम आहे.

पण वर्तुळावरही एक निर्णय शिल्लक राहतोच. १२, ४ आणि ८ जोडणारा त्रिकोण आणि १, ५ आणि ९ जोडणारा त्रिकोण, हे दोन की एक? कागदावर दोन. कातरीनं कापून एकावर एक ठेवले तर एक. जे एकावर एक बसतात ते सगळे एकच, असं मानलं तर तबकडीवरचे २२० त्रिकोण फक्त १२ प्रकारांत बसतात. बाराची विभागणी तीन भागांत जितक्या तऱ्हांनी होते तितके हे प्रकार. समभुज एक तऱ्हेचा, तो तबकडीवर चारदा येतो. समभुज नसलेले समद्विभुज चार तऱ्हांचे, प्रत्येक बारा वेळा. विषमभुज सात तऱ्हांचे, प्रत्येक चोवीस वेळा. चार, अठ्ठेचाळीस आणि एकशे अडुसष्ट मिळून २२० भरतात. कुठल्याही सुसम बहुभुजासाठी ही प्रकारांची संख्या काढायची युक्ती सोपी आहे: बाजूंच्या संख्येचा वर्ग करा, बारानं भागा आणि सगळ्यात जवळची पूर्ण संख्या घ्या. षटकोनाला ३, साठाच्या तबकडीला ३००.

सात विषमभुज तऱ्हांपैकी लघुकोन फक्त एक आहे. तीन, चार आणि पाच घरांचे भाग पाडणारा तो त्रिकोण. पायथागोरसच्या ३-४-५ शी त्याचं नातं नाही, कारण इथे हे आकडे बाजूंचे नसून परिघावरच्या घरांचे आहेत. त्याचे कोन ४५, ६० आणि ७५ अंशांचे. दिसायला तो काही खास नाही.

ऐकायला मात्र आहे. तबकडीवरचे आकडे काढून तिथे पेटीचे बारा स्वर लावले, बाराच्या जागी सा, एकावर कोमल रे, दोनावर शुद्ध रे, असं करत अकरावर शुद्ध नी, तर शुद्ध ग चारावर येतो आणि प सातावर. सा-ग-प हा त्रिकोण चार, तीन, पाच घरांचा. पाश्चात्त्य संगीतातला मेजर कॉर्ड तो हाच. ग कोमल केला की भाग तीन, चार, पाच होतात आणि तोच त्रिकोण आरशात पाहिल्यासारखा उलटा पडतो. तो मायनर कॉर्ड. बारा मेजर आणि बारा मायनर मिळून चोवीस, म्हणजे या एका तऱ्हेचे सगळेच्या सगळे त्रिकोण वापरात. सा, कोमल ग आणि तीव्र म यांचा डिमिनिश्ड कॉर्ड काटकोन आहे. सा, ग आणि कोमल ध यांचा ऑगमेंटेड कॉर्ड समभुज. डोळ्यांना सगळ्यात स्थिर वाटणारी आकृती कानाला सगळ्यात अधांतरी लागते, कारण तिची तिन्ही टोकं सारखीच आणि त्यांतलं घर कुठलं ते कळत नाही.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात हे त्रिकोण रुजवण्यात गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा होता. चर्चच्या शाळांत लहानपणीच मेस्त्रीच्या, म्हणजे संगीतशिक्षकाच्या, हाताखाली स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा. चाल हार्मोनियमवर एकेरी यायची आणि तिच्याखाली कुठल्या ठिकाणी कुठले तीन स्वर एकत्र वाजायचे, हे अशा लोकांच्या हातचे कागद ठरवायचे. व्हायोलिनवादक प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे शिष्य.

अशा वादकाला मेजर आणि मायनर एकच आहेत असं सांगितलं तर तो हसेल. कातरीनं कापलेला त्रिकोण उलटा करून ठेवायची मुभा भूमितीला आहे, कानाला नाही. फिरवणं चालेल, कारण काळी एकमधला मेजर आणि पांढरी चारमधला मेजर दोन्ही मेजरच. उलटवणं चालणार नाही. या नियमानं मोजलं तर बाराऐवजी १९ प्रकार होतात.

ख्यालगायकाला तर फिरवणंही मंजूर नाही. शिवाय त्याचा पहिला आक्षेप तबकडीवरच असेल. बाराही घरं सारख्या अंतराची, हे पेटीपुरतं खरं. गळ्यातला गंधार राग बदलला की किंचित सरकतो. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. पेटीवरच्या आक्षेपांत हे बांधून ठेवलेले स्वर आणि मींडेला नसलेली वाट या दोन्ही गोष्टी होत्या. तरीही तबकडी त्यानं क्षणभर मान्य केली असं धरू. तानपुरा लागला की त्याचा सा बाराच्या जागी खिळतो आणि सा वर्ज्य असलेला राग नाही. त्यामुळे सा ज्यांच्या टोकावर आहे तेवढेच त्रिकोण त्याच्या हिशेबात उरतात, ५५.

खिळलेला सा हलवण्याची एक जुनी वाट गवयांकडे आहे, ती म्हणजे मूर्च्छना. भूपाचे स्वर सा, रे, ग, प, ध. तबकडीवर १२, २, ४, ७, ९. हे पाच बिंदू जोडून होणारा पंचकोन सुसम नाही, त्याच्या बाजू दोन-दोन आणि तीन-तीन घरांच्या. पण त्याच्या पोटातले दहा त्रिकोण मोजले तर सुसम पंचकोनासारखेच पाच लघुकोन आणि पाच विशालकोन निघतात. काटकोन एकही नाही, कारण समोरासमोरचे दोन स्वर भूपात येतच नाहीत. आता पंचकोन जागचा न हलवता फक्त सा दुसऱ्या टोकावर नेला तर? रेवर नेला की मधमाद सारंगाचे स्वर मिळतात, गंधारावर नेला की मालकंसाचे, पंचमावर नेला की दुर्गाचे आणि धैवतावर नेला की धानीचे. भूमितीच्या वहीत ही एकच आकृती, एकदाच काढायची. मैफल रात्री उशिरापर्यंत रंगली असेल, कुणी मालकंसाची फर्माईश केली आणि गवयानं पंचकोन तोच आहे असं सांगत दुर्गा सुरू केला, तर मागच्या रांगेतून पहिला आवाज कुणाचा येईल ते सांगता येत नाही, पण तो येईल.